दहा बाय बाराची खोली आणि एअर प्युरिफायर

गेल्या काही हिवाळ्यांत शहापूर, आसनगाव, वासिंदच्या नव्या इमारतींत एअर प्युरिफायर दिसू लागले आहेत. मुरबाडमध्येही त्यांची चौकशी होते. कारण उघड आहे. दिवाळी झाली की मुंबईच्या हवेच्या बातम्या सुरू होतात, लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारी माणसं ऑफिसात हे यंत्र बघतात, आणि घरात एखादं पोर रात्रभर खोकत असलं की आईबापांना वाटतंच, आपणही घ्यावा. किंमत सहा-सात हजारांपासून पुढे, म्हणजे हप्त्यावर जमण्यासारखी. मग विचारणा होते ती ‘कुठला घेऊ?’ अशी. याचं उत्तर देणाऱ्या बहुतेक तुलना दिल्लीच्या बंद, एसी लावलेल्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या असतात. शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत स्लॅबच्या फ्लॅटपासून पत्र्याच्या चाळीपर्यंत आणि कौलारू घरापासून कुडाच्या घरापर्यंत सगळ्या तऱ्हेच्या खोल्या आहेत. माझं म्हणणं असं, की यंत्राची निवड खोली करते, आणि काही खोल्यांसाठी कुठलंही यंत्र घेऊ नये. ते का, हे नीट मांडतो.

आधी हवेचं बघू. आपल्याकडे दोन गोष्टी वेगवेगळ्या त्रास देतात: धूळ आणि धूर. धुळीला रस्ता, खाणी आणि क्रशर कारणीभूत. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आणि आता समृद्धी महामार्गही. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, पण त्याआधीची काही वर्षं इथल्या गावांनी डोंगर फोडणं, भराव आणि डंपर पाहिले. मुरबाडला रेल्वे नाही. एमआयडीसीचा माल, खडी, रेती, भाजीपाला, सगळं कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यानेच येतं-जातं, आणि सरळगाव-टोकावड्याच्या रस्त्याकडेच्या घरांत संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटते.

ही दिसणारी धूळ घाण करते, शिंका आणते, पण तिचा मोठा भाग जड असतो. तो खाली बसतो किंवा नाकात अडकतो. छातीच्या खोल कोपऱ्यापर्यंत जातात ते बारीक कण, अडीच मायक्रॉनच्या आतले. डोक्यावरच्या केसाची जाडी त्याच्या पंचवीस-तीस पट भरते. हे कण मुख्यतः जळण्यातून येतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात त्या पावसाच्या तोंडावर विझतात. थंडीत शेकोट्या आणि कचऱ्याचे ढीग पेटतात. एप्रिल-मेमध्ये राब भाजतात: भाताच्या रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या आणि गवताचा थर पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. एका शेतकऱ्याचा राब छोटा असतो, पण एकाच पंधरवड्यात अख्ख्या शिवारात राब लागतात, आणि सकाळी वारा पडलेला असताना तो धूर माहुलीच्या पायथ्याला नाहीतर सिद्धगडाच्या बाजूच्या खोऱ्यांत तसाच साचून राहतो. पहिला जोरदार पाऊस पडला की हे सगळं धुऊन निघतं. जून ते सप्टेंबर आपली बाहेरची हवा देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा बरी असते. म्हणजे प्युरिफायरचा हंगाम धरायचा झाला तर ऑक्टोबर ते मे.

बारीक कणांसाठी भारताचं मानक २००९ सालचं आहे: एका घनमीटर हवेत चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम, वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा खाली आणून चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षासाठी ५ केली. २०१९ मध्ये केंद्राने सुरू केलेला स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांपुरता आहे. त्याच्या यादीत शेजारचं उल्हासनगर आणि बदलापूर आहे; खेडी त्या हिशोबातच धरलेली नाहीत. तुमच्या फोनवर गावाच्या नावापुढे हवेचा जो आकडा दिसतो, तो बहुधा दूरच्या केंद्रावरून किंवा उपग्रहावरून बांधलेला अंदाज असतो. शेजारच्या वीटभट्टीचा धूर त्यात येत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरातला तर नाहीच नाही.

आता खोली. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे बाराशे घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. हवा समाधानकारक स्वच्छ राहावी यासाठी ती तासाला निदान पाच वेळा फिल्टरमधून गेली पाहिजे, असा सर्वसाधारण संकेत आहे. चौतीस पाचे एकशे सत्तर. तेव्हा या खोलीला ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र लागेल. खोक्यावर हा आकडा ‘सीएडीआर’ या नावाने छापलेला असतो. लक्षात ठेवायला सोपा हिशोब सांगतो: खोलीचे चौरस फूट गुणिले दीड. १२० चौरस फुटांना १८०, दीडशेला सव्वादोनशे.

हा हिशोब खोली बंद आहे असं गृहीत धरतो, आणि आपल्याकडे घोडं नेमकं इथेच पेंड खातं. स्लॅबच्या खोलीत दारं-खिडक्या लावल्या तर फटींतून तासाला साधारण एकदा हवा बदलते. बाहेरच्या हवेत शंभर भाग धूर आहे असं धरा. एक वाटा हवा बाहेरून येते, पाच वाटे यंत्र गाळून देतं, त्यामुळे आत सहावा हिस्सा उरतो: शंभराचे सतरा. फरक मोठा आहे, रात्रभर कण्हणाऱ्या पोराला तो कळतो. आता तेच यंत्र कौलारू घरात ठेवा. भिंतीच्या माथ्यापासून कौलापर्यंतची मोकळी जागा, आढ्याखालची पोकळी, कौलांमधल्या फटी, माजघर आणि पडवीमधलं बिनदाराचं तोंड, या सगळ्यातून तासाला दहा वेळा हवा सहज बदलते. दहा वाटे बाहेरून, पाच वाटे गाळलेले: शंभराचे सदुसष्ट उरतात. तेवढ्यासाठी दहा हजार रुपये आणि वर्षाला फिल्टर. कुडाच्या घराचा तर हिशोबच मांडायला नको. कारवीच्या कुडातून वारा जावा म्हणूनच ते घर तसं बांधलेलं असतं, आणि उन्हाळ्यात तेच त्याचं सुख आहे. पत्र्याच्या खोलीचं मधलं काहीतरी. पत्रा आणि भिंत यांच्यामधली लाटांची भोकं सिमेंटने बुजवलेली असतील, वर पीओपी किंवा पीव्हीसीचं छत मारलेलं असेल, तर ती स्लॅबच्या जवळ जाते, नाहीतर कौलांच्या.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी एक परीक्षा करा. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून खोलीच्या मध्ये एक उदबत्ती लावा आणि विझवून बाहेर या. अर्ध्या तासाने आत जा. वास जोरात येत असेल तर खोली हवा धरते, यंत्र चालेल. वास जवळपास गेला असेल तर ते पैसे दुसरीकडे लावा. कुठे, ते पुढे येईलच.

सर्वांत मोठा विषय चुलीचा आहे आणि तो मी विस्ताराने सांगणार आहे, कारण या दोन तालुक्यांत घरातल्या हवेचा प्रश्न निम्म्याहून अधिक चुलीचाच आहे. १९८०च्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर मापक यंत्रं लावून धूर मोजला. रस्त्यावरच्या धुरापेक्षा स्वयंपाकघरातला धूर कितीतरी पट असतो, हे जगाला आकड्यांनी कळलं ते तिथून. सिगारेटला कधी हात न लावलेल्या बाईला धूम्रपान करणाऱ्यासारखा फुप्फुसाचा आजार कसा होतो, याचा लेखाजोखा पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. त्यात चुलीच्या धुराला मोठी जागा आहे.

एक किलो लाकूड साध्या चुलीत जळलं की काही ग्रॅम बारीक कण हवेत जातात, पाच धरा. काही ग्रॅम म्हणजे फार वाटत नाही. पण प्युरिफायरच्या फिल्टरची ताकद किती, ते बघा. चीनच्या मानकात फिल्टरचं आयुष्य मोजण्याची एक पद्धत आहे: यंत्राला सिगारेटचा धूर पाजत राहायचं आणि त्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत त्याने किती कण गिळले ते मोजायचं. त्या मानकातली सर्वांत वरची श्रेणी मिळते बारा ग्रॅमला. बारा ग्रॅम! दोन वेळच्या भाकरी, कालवण आणि आंघोळीचं पाणी यासाठी पाच किलो सरपण रोज जळत असेल, तर पंचवीस ग्रॅम कण त्या घरात रोज सुटतात. त्यातले बरेचसे कौलांतून बाहेर जातील, पण थोडा वाटा जरी यंत्राकडे आला तरी दोन हजारांचा फिल्टर आठवडाभरात काळाठिक्कर पडून बसेल. आणि एवढं होऊनही चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकापर्यंत धूर यंत्राच्या आधी पोहोचलेला असेल. चूल असलेल्या घरात प्युरिफायर घेऊ नये, हे मी कुठलीही सवलत न देता म्हणतो.

त्या घरात चूल बदलायला हवी. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. सिलिंडर घरात आला. पण पाड्यावरच्या घरात तो कोपऱ्यात उभा असतो आणि चूल पेटलेली असते, हेही खरं. पुन्हा भरून आणायचे पैसे एकरकमी लागतात, गाडी पाड्यापर्यंत येत नाही, आणि रानात सरपण फुकट मिळतं. चहा-दूध गॅसवर, भाकरी-पाणी चुलीवर अशी वाटणी होते. गॅसने सगळं भागतं असंही समजू नये. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या ठिकाणी गरोदर बायकांना गॅस पुरवून एक मोठा अभ्यास झाला. २०२२ पासून त्याचे निष्कर्ष येत गेले. बायकांच्या श्वासात जाणारे बारीक कण चुलीवरच राहिलेल्या गटात साधारण ७१ मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्या गटात २४, म्हणजे दोन तृतीयांश कमी; पण बाळांच्या जन्मवजनात मात्र ठळक फरक दिसला नाही. मला यातून गॅस निरुपयोगी आहे असं वाटत नाही. दोन तृतीयांश धूर कमी होणं ही त्या बाईच्या डोळ्यांना आणि छातीला मोठी सुटका आहे. बाळाचं वजन मात्र तिच्या पोटात काय जातं, तिला विश्रांती किती मिळते, यावरही ठरतं, आणि ते काम सिलिंडर करू शकत नाही.

गॅस पुरेसा परवडत नाही तिथे धुरांडं असलेली सुधारित चूल हा मधला मार्ग आहे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने यावर अनेक वर्षं काम केलं. ‘लक्ष्मी’ नावाच्या चुली गावोगावच्या कारागिरांनी बांधल्या. सरकारची निर्धूर चुलींची राष्ट्रीय योजना १९८०च्या दशकात सुरू होऊन २००२च्या सुमारास गुंडाळली गेली. त्यातल्या बऱ्याच चुली टिकल्या नाहीत, कारण धुरांडं साफ करणारं, फुटलेला पाइप बदलणारं गावात कुणी नव्हतं. शिकण्यासारखं एवढंच, की चुलीबरोबर ती दुरुस्त करणारा गवंडीही गावात तयार व्हायला हवा.

राबाच्या धुराला तर शेतातच पर्याय आहे, आणि तो शेजारीच जन्मला. कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र उभं केलं: गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर बी थेट टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि रोपवाटिकाच नसल्यामुळे राबही नाही. ज्या शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत ते या वाटेने जाऊ लागले आहेत. हवेसाठी कुणी शेती बदलत नाही, पण इथे कमी मजुरी आणि कमी धूर एकत्र मिळतात.

चुलीखालोखाल घरातला दुसरा धूर डासांच्या कॉइलचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना सुटणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आपल्याकडे भातखाचरांच्या हंगामात डास होतात आणि रात्रभर उशाशी कॉइल जळते. मी असं घर पाहिलं आहे, जिथे पोराच्या दम्यासाठी आणलेला प्युरिफायर आणि कॉइल एकाच खोलीत, चार हातांवर, दोन्ही चालू होते. यंत्राचा दिवा रात्रभर लाल. तिथे तीनशे रुपयांची मच्छरदाणी हे अर्धं औषध होतं. धूप, लोबान, देवघरातल्या उदबत्त्या यांचंही तसंच. देवाला दिवा लावा, धूप अंगणात फिरवा.

आणि बाळंतिणीची खोली. आपल्या घरांतली सर्वांत लहान, सर्वांत बंद खोली हीच. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर शेक, ओवा-वावडिंग-शेपा टाकून धुरी, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या. आजीच्या मायेबद्दल मला काही बोलायचं नाही, ऊब हवीच. पण निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कुठलाही घरगुती प्युरिफायर, कितीही महाग असला तरी, तो काढू शकत नाही. यंत्र लावलंय म्हणून खिडकी बंद आणि आत शेगडी, ही जिवावर बेतणारी जोडी आहे. आजीबाई, शेक द्या, पण निखारे बाहेर ठेवून, गरम कापडाने, गरम पाण्याच्या पिशवीने द्या. धुरी तान्ह्या बाळाच्या खोलीत नकोच.

हे सगळं बाजूला केल्यावर ज्या खोल्या उरतात, त्या यंत्राच्या: स्लॅबची किंवा नीट छत मारलेली, गॅसवर स्वयंपाक असलेल्या घरातली, रस्त्याच्या किंवा भट्टीच्या जवळची झोपायची खोली. त्यात दम्याचं मूल, म्हातारं माणूस किंवा दीर्घ खोकल्याचा रोगी झोपत असेल तर यंत्राला अर्थ आहे. प्रत्यक्ष घरांत झालेल्या अभ्यासांत अशा यंत्रांनी बारीक कण साधारण निम्म्यावर आणल्याचं दिसतं. तेवढी अपेक्षा ठेवा. डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करण्याइतकी ठेवू नका.

यंत्राच्या पोटात गुंतागुंत काही नाही. एक पंखा, पुढे जाड जाळी, आत घड्या घातलेला कागदासारखा हेपा फिल्टर. हा फिल्टर १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाला. एच-१३ दर्जाचा हेपा सर्वांत निसटत्या आकाराचेही ९९.९५ टक्के कण अडवतो. दुकानदार तुम्हाला हेच टक्के ऐकवेल, पण सगळ्या बऱ्या यंत्रांत ते सारखेच असतात. फरक पडतो तो हवा किती खेचली जाते यात, म्हणून विचारायचा आकडा सीएडीआर. आयकियाचा फोर्नुफ्टिग दीडशेच्या आत आहे, फिलिप्सची ८०० मालिका १९०, कोवेचा एअरमेगा १५० सुमारे ३००, शाओमीचा ४ लाइट ३६०. हे कंपन्यांनी दिलेले, पंखा पूर्ण वेगात असतानाचे आकडे आहेत.

आणि रात्री कुणीही पूर्ण वेगात चालवत नाही. पूर्ण वेगाला आवाज जुन्या कूलरइतका होतो. शहापुरातली रात्र मुंबईसारखी गजबजलेली नसते, तो आवाज टोचतो. मग माणसं ‘स्लीप’चं बटण दाबतात आणि १९०चं यंत्र पन्नास-साठवर येतं. दहा बाय बाराला १८० लागतात, हे आठवा. म्हणून माझा कौल असा: ‘लहान खोलीसाठी लहान यंत्र’ या मोहात पडू नका. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला ३००च्या पुढचं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. दीडशेच्या आतली यंत्रं अभ्यासाच्या छोट्या खोलीला किंवा पार्टिशन टाकून केलेल्या ऐंशी चौरस फुटांना ठीक. खोक्यावर लिहिलेले ‘पाचशे चौरस फूट’ सोडून द्या. १९०चं यंत्र एवढ्या जागेत तासाला दीड वेळाही हवा फिरवत नाही.

काही गोष्टी अजिबात घेऊ नयेत. सॉकेटमध्ये खोचायचे, पंखा नसलेले आयनवाले ठोकळे. ‘हेपासारखा’ किंवा ‘धुता येणारा हेपा’ लिहिलेले फिल्टर. ओझोन सोडून हवा शुद्ध करतो म्हणणारं काहीही. ओझोन स्वतःच दम्याला वाईट, आणि कॅलिफोर्निया राज्यात तर अशा घरगुती यंत्रांवर कायद्याने मर्यादा आहे. चारकोलचा थर चांगला, पण छोट्या यंत्रात तो इतका पातळ असतो की वास थोडे दिवस कमी होतो, वायू जात नाहीत. अॅप, आवाजाने चालणं, रंगीत दिवे यांना पैसे मोजू नका. कणांचा आकडा दाखवणारा पडदा मात्र कामाचा. तेवढ्याचे पाचशे-हजार द्या, कारण कॉइल लावल्यावर तो आकडा कसा उडतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरात वाद राहत नाही. फक्त दमट, धुकट हवेत त्याच्यावर फार विसंबू नका. पाण्याचे बारीक थेंब तो धूळ म्हणून मोजतो.

विजेचा खर्च किरकोळ आहे. तीस वॅटचं यंत्र रात्रीचे दहा तास चाललं तर महिन्याला नऊ युनिट. अडचण वीज जाण्याची आहे. वीज जाऊन आली की काही यंत्रं आपोआप सुरू होतात, काही बटण दाबण्याची वाट बघत बसतात, आणि पहाटेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. दुकानात प्लग काढून-लावून बघा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हे सहज चालतं.

फिल्टरची किंमत यंत्राच्या आधी विचारा. दीड ते तीन हजार, आणि महामार्गाकाठी तो कंपनी सांगते त्याच्या आधी भरतो. पुढची जाळी आठवड्याला ब्रशने झाडा. ती स्वच्छ तर आतला हेपा जास्त टिकतो. हेपा धुवायचा नाही. नव्या यंत्रात फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतो, ती काढायची असते. न काढता महिनोन्‌महिने चालवलेली यंत्रं आहेत. यंत्र कपाटामागे किंवा कोपऱ्यात ढकलू नका, खाटेपासून तीन-चार फुटांवर मोकळं ठेवा. पावसाळ्यात खिडक्या उघडा आणि यंत्र बंद करा. फिल्टर कोरड्या दिवशी काढून, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा, नाहीतर चार महिन्यांच्या ओलीत त्याला बुरशी येईल आणि ऑक्टोबरमध्ये तीच खोलीभर उडेल. भिंतीच्या ओलीचा त्रास प्युरिफायरने जात नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं लागतं.

दहा हजार नाहीत, पण खोली चांगली आणि गरज खरी आहे, अशांसाठी एक मार्ग आहे. बीजिंगमध्ये २०१३ च्या सुमारास थॉमस टालहेल्म या अमेरिकन विद्यार्थ्याने साध्या पंख्यावर हेपा फिल्टर पट्ट्याने बांधून त्याची मोजणी जाहीर केली, आणि लहान खोलीत ते महागड्या यंत्रांच्या रांगेत बसलं. फिल्टर सपाट आणि पंख्याच्या तोंडावर गच्च बसला पाहिजे, कडेने हवा सुटता कामा नये. दिसायला ओबडधोबड, पण काम करतं. पंखा तापतो का, यावर पहिले काही दिवस लक्ष ठेवा.

आणि ज्यांची खोली उदबत्तीच्या परीक्षेत नापास झाली, त्यांनी त्याच पैशांची वाटणी अशी करावी: स्वयंपाकघराला एक्झॉस्ट फॅन, झोपायच्या जागेला मच्छरदाणी, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, रस्त्याकडच्या खिडकीला दाट जाळी, आणि उरलेल्या पैशांत वर्षाचे दोन-तीन जादा सिलिंडर. यातली एकही वस्तू चकचकीत नाही. पण कौलारू घरात शंभराचे सदुसष्ट करणाऱ्या यंत्रापेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

एक मागणी मात्र एकट्या घराच्या आवाक्याबाहेरची आहे. पाड्यावरच्या अंगणवाडीत एका खोलीत वीस-पंचवीस मुलं बसतात. जिथे पोषण आहार त्याच छपराखाली चुलीवर शिजतो, तिथे तीन वर्षांच्या पोरांच्या छातीत तो धूर रोज जातो. तिथे प्युरिफायर देणगीत मिळाला तरी घेऊ नका. दार दिवसभर उघडं असतं. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि २०१५ पासून अशा गावांच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. आरोग्य आणि शिक्षणावर तो खर्च करता येतो, आणि कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते. येत्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या स्वयंपाकाला वर्षभराचे सिलिंडर, एक एक्झॉस्ट आणि ओट्यासाठी वेगळं छप्पर, एवढा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.